श्रमदानाच्या दुसऱ्या दिवसाविषयी नगरपंचायतीला खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक व नगरसेविका आणि मुख्याधिकारी,
नगरपंचायत कार्यालय

विषय: गावातील श्रमदानाच्या कामांना नगरपंचायतीची नियमित साथ मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मागच्या सर्वसाधारण सभेत गावतलावाची स्वच्छता लोकसहभागातून करण्याचा विषय मंजूर झाला आणि त्यासाठी लवकरच मोठा श्रमदानाचा कार्यक्रम घेतला जाणार आहे, असे समजले. या निर्णयाचा आनंद आहे आणि त्या दिवशी आम्ही येणारच आहोत. वाचनालयात जमणारा आमचा गट काही वर्षांपासून तलावाची पाळ, मोक्षधाम आणि जिल्हा परिषद शाळेचे आवार अशा ठिकाणी काम करत आला आहे. त्या कामातून आम्हाला जे पटले आहे, ते कार्यक्रमाची तारीख ठरण्याआधी आपल्यासमोर ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत. यातील काही मागण्या आपल्याकडे आहेत, काही गावकऱ्यांकडे आहेत आणि काही स्वतः आमच्याकडेही आहेत, म्हणून ते सर्वांना वाचता यावे असे खुले ठेवले आहे.

गावात श्रमदानाला माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार आपल्या कार्यालयात नेहमी ऐकू येते. ती आम्हाला मान्य नाही. माणसे येतात आणि पहिल्या दिवशी तर भरपूर येतात. परंतु काम कोणते करायचे हे ठरवताना त्यांना कोणी विचारलेले नसते, आणि काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी नगरपंचायतीने जो आपला वाटा उचलायचा असतो तो उचलला जात नाही. पुढच्या वेळी माणसे कमी होतात ती या दोन कारणांनी. या पत्रात जे काही लिहिले आहे ते याच दोन गोष्टींभोवती आहे.

तलावाचेच उदाहरण घेऊ. पाळीच्या आतल्या बाजूला बेशरमाची झुडपे किती माजली आहेत, हे आपण सर्व जण येता-जाता पाहता. ती कोयत्याने वरून छाटली की पाळ आठवडाभर मोकळी दिसते, छायाचित्रही चांगले येते आणि पहिल्या पावसानंतर त्याच बुंध्यांतून पूर्वीपेक्षा जास्त फांद्या फुटतात. झुडूप मुळासकट काढायचे तर कुदळ आणि सब्बल दोन्ही लागतात, गुडघाभर चिखलात उतरावे लागते आणि एका मोठ्या बुंध्यामागे दोन माणसे बराच वेळ गुंतून पडतात. खरी गोम मात्र त्यानंतरची आहे. बेशरमाची तुटलेली कांडी ओल्या जागेत पडली की तिला मुळे फुटतात आणि ती नवे झुडूप होऊन उभी राहते. म्हणून उपटलेला ढीग पाण्यापासून दूर, कोरड्या जागी नेऊन पूर्ण वाळू द्यावा लागतो. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही काढलेले ढीग पाळीच्या उतारावर रचून ठेवले होते आणि ते उचलायला ट्रॅक्टर येईल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. तो आला नाही. मध्येच अवकाळी पाऊस झाला, ढिगातल्या कांड्या वाहून पाण्याच्या काठाला लागल्या आणि जो कोपरा आधी स्वच्छ होता तिथेही पावसाळ्यात झुडपे उगवली. ज्यांनी आपले सुटीचे दिवस चिखलात घालवले, त्यांच्याकडे पुन्हा कोणत्या तोंडाने जायचे? आम्ही गेलो, पण पहिल्या वेळी आलेल्यांपैकी निम्मेही आले नाहीत आणि त्यांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही.

ट्रॅक्टरची एक फेरी ही नगरपंचायतीच्या दृष्टीने फार लहान बाब आहे, हे आम्ही जाणतो. कदाचित लहान असल्यामुळेच ती राहून जाते. परंतु श्रमदान करणाऱ्या माणसाला सरकार दिसते ते अशाच लहान बाबीत. आपण केलेल्या कामाची कोणी दखल घेतली की नाही, हे त्याला सत्काराच्या नारळावरून कळत नाही. ते त्याने भरून ठेवलेली पोती दुसऱ्या दिवशी जागेवर आहेत की उचलली गेली, यावरून कळते.

हा तलाव माजी मालगुजारी तलावांपैकी, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेल्या तलावांपैकी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने आणि इतरांनी ते बांधले, पिढ्यान्‌पिढ्या राखले आणि त्यांच्या पाण्यावर आपला धान उभा राहिला. पाळीला भगदाड पडू नये, तुडूम (पाणी सोडण्याचे दार) वेळेवर उघडावे, पाटातला गाळ रोवणीच्या आधी निघावा, या सगळ्याची पद्धत ठरलेली होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्या देखभालीची जबाबदारी कागदावर एका ठिकाणी व प्रत्यक्षात कुठेच नाही, अशी अवस्था हळूहळू आली. त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पाळीवर माती टाकणारे सगळेच हात आपखुशीने आलेले नव्हते. त्यात वेठही होती आणि कोणी टोपली उचलायची व कोणी सावलीत उभे राहायचे, हे जातीवर ठरत होते. म्हणूनच आज आपण श्रमदान हा शब्द वापरतो तेव्हा त्यात येणारा माणूस स्वतःच्या इच्छेने आलेला असला पाहिजे आणि फावडे सर्वांच्या हातात सारखे गेले पाहिजे, याबाबत काटेकोर राहणे आपले कर्तव्य आहे.

त्यातच आणखी एक बाब येते, जी कार्यक्रमाच्या आखणीत अजून कोणी उच्चारलेली आम्ही ऐकली नाही. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे असे तलाव जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असतात, आपला तलावही त्यातच मोडतो. त्यातील मासेमारीचा ठेका ढिवर बांधवांच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे आणि खालच्या बाजूचे शेतकरी त्याच्या पाण्यावर अवलंबून आहेत. सुशोभीकरण म्हणून काठाने काँक्रीटची भिंत आणि बाकडी करायची ठरली, तर माशांना अंडी घालायला लागणारा उथळ, वनस्पतींचा काठ नाहीसा होईल. गावाला फिरायला जागा मिळेल आणि काही घरांचे पोट मारले जाईल. बेशरम काढायला मात्र ढिवर समाजाचा विरोध नाही, कारण त्या झुडपांत जाळे टाकता येत नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरातील काही तलावांमध्ये ढिवर समाजातील महिलांनी पुढाकार घेऊन बेशरम उपटले आणि त्या जागी स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर लावायची, कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ राहतो, ही माहिती त्यांना होती. ती कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. आपल्या गावातही ही माहिती असणाऱ्या स्त्रिया आहेत. तलावाच्या कामाची आखणी करण्याआधी त्यांना बोलवावे आणि त्या काय सांगतात ते लिहून घ्यावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

आता विचारण्याविषयी. आपले गाव ग्रामपंचायत होते तोवर वर्षातून काही ठरलेल्या दिवशी ग्रामसभा भरत असे. ती नेहमीच चांगली भरत होती असे नाही. पुष्कळदा सह्या घरोघरी फिरून घेतल्या जात. तरी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास गावातील कोणालाही उभे राहून बोलण्याचा अधिकार होता, आणि मोक्षधामाच्या वाटेवर झाडे लावण्याचा पहिला विषय अशाच एका ग्रामसभेत निघाला होता, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. राज्य शासनाच्या २०१४ च्या धोरणानुसार तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या, आपलीही झाली. मुख्याधिकारी आले, १७ प्रभाग झाले, निधीही वाढला. ग्रामसभा मात्र ग्रामपंचायतीबरोबर गेली. आता गावकऱ्याला काही सुचवायचे असेल तर अर्ज द्यावा लागतो किंवा नगरसेवकाला गाठावे लागते आणि नगरसेवक एका प्रभागाचा असतो, तलाव साऱ्या गावाचा. सतरा प्रभागांत वाटलेल्या गावाला एकत्र बसायला जागाच उरलेली नाही. आमच्या मते गावातील एकोपा ओसरल्याचे जे आपण सारे बोलतो, त्याचे हे एक मोठे आणि दुरुस्त करता येण्याजोगे कारण आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे आपण सर्वांनीच पाहावे असे आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. तिथे बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेतले जातात आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतात, ही बाजू तितकी बोलली जात नाही. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावरचा गावाचा कायदेशीर हक्क मिळाला, तो अनेक वर्षे असे बसून बोलण्याची सवय असलेल्या गावाला मिळाला. आपले गाव मोठे आहे, बाजारपेठेचे आहे, इथे सर्वसहमती सोपी नाही. तरीही महिन्यातून एकदा बसणे आपल्याला अवघड असू नये.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या काकडदरा या छोट्या आदिवासी गावाने २०१७ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. त्या स्पर्धेत प्रत्यक्ष कामाला ४५ दिवस होते, पण त्याआधी गावातल्या निवडक लोकांना प्रशिक्षण दिले जात होते: उतार कसा मोजायचा, चर कुठे घ्यायचा, केलेल्या कामाचे मोजमाप कसे ठेवायचे. आपल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत उद्घाटन आहे, प्रमुख पाहुणे आहेत आणि अल्पोपाहार आहे. झुडूप मुळासकट कसे काढायचे हे आलेल्या लोकांना दाखवणारा अर्धा तास त्यात नाही. तो घालावा. दाखवायला आमच्या गटातील माणसे तयार आहेत आणि संस्थेतील मच्छीमार बांधव आमच्यापेक्षा चांगले दाखवतील.

कार्यक्रमाच्या तारखेबाबतही एक म्हणणे आहे. १ मे ही तारीख विचारात आहे असे ऐकतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, यांवर आपल्या गावातील आणि आसपासच्या टोल्यांवरील (वाड्यांवरील) अनेक घरांची वर्षभराची रोकड अवलंबून असते. पहाटे जंगलात जाऊन दुपारी पुडे बांधत बसणारी बाई सकाळी आठ वाजता तलावावर येऊ शकत नाही आणि ती आली नाही म्हणून तिला गावाची आस्था नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोवणीत जुलै-ऑगस्ट जातो, कापणी-मळणीत दिवाळीच्या पुढचे दिवस जातात. पाणी उतरलेले, माती ओली पण चिकट नसलेली आणि हाताला थोडी उसंत, असा काळ आमच्या अनुभवाने फेब्रुवारीचा आहे.

याच ओघात मजुरीचा प्रश्न स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. गाव नगरपंचायत झाल्यापासून ग्रामीण रोजगार हमीची कामे हद्दीबाहेर गेली. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते, त्याला दिवस बुडवून फुकट राबायला बोलावणे योग्य नाही. श्रमदान नोकरदारांनी, व्यापाऱ्यांनी, निवृत्तांनी, विद्यार्थ्यांनी आणि ज्यांना खरोखर वेळ आहे अशांनी करावे. मजुरांनी यावे ते स्वतःच्या सवडीने. जे काम मुळात नगरपंचायतीने पैसे देऊन करायचे आहे, नाल्यांचा उपसा, घनकचऱ्याची वाहतूक, ते लोकसहभागाच्या नावाखाली लोकांवर ढकलले जाऊ नये. तसेच श्रमदानानंतर उरलेली घाण निस्तरण्यासाठी सफाई कामगारांना रविवारी जादा बोलावले, तर त्या दिवसाचे वेतन त्यांना मिळालेच पाहिजे. मागच्या खेपेला काय झाले हे त्यांनाच विचारावे.

लोकांमध्ये एकत्र काम करण्याची ताकद नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी मंडईच्या, म्हणजे आपल्याकडच्या जत्रेच्या दिवसांत आपल्या गावातल्या तरुणांकडे पाहावे. दिवाळीनंतर मंडई भरते, वडसा येथील नाट्यमंडळांचे नाटक ठरते आणि आठवडाभरात ही मुले बंदिस्त शामियाना उभा करतात, तिकीटविक्री सांभाळतात, आसपासच्या गावांतून आलेल्या पाहुण्यांची सोय करतात आणि रात्रभर एवढी गर्दी शिस्तीत बसवतात. सकाळी मैदान झाडूनही तेच जातात. त्यांना कोणी शासन निर्णय दाखवलेला नसतो. प्रयोग त्यांचा असतो, बदनामी झाली तर ती त्यांची होईल हे त्यांना माहीत असते आणि हिशेब सर्वांसमोर वाचला जातो. तलावाच्या कामात याच मुलांना आपण फक्त टोप्या आणि टी-शर्ट देतो. त्यांच्याकडे एक बाजू पूर्णपणे सोपवून पाहा: पाळीचा अमुक एक टप्पा, त्याचे साहित्य, त्याचा हिशेब. आमची खात्री आहे की ते आपल्याला निराश करणार नाहीत. यंदा मंडईतील नाटकाच्या उत्पन्नातून काही रक्कम शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी देण्याचे मंडळाने स्वतः ठरवले, ही गोष्ट आपल्यापर्यंत आली नसेल तर इथे नोंदवतो.

आपला विदर्भ ही गाडगेबाबांची आणि तुकडोजी महाराजांची भूमी आहे, हे वाक्य प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात येते. गाडगेबाबा १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मले. त्यांनी ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट बांधला, पुढे राज्यभर धर्मशाळा उभ्या केल्या. ते गावात शिरले की कोणाला काही न सांगता झाडू लागत आणि रात्री कीर्तनात बोलत. दिवसभर काम पाहिलेल्या लोकांपुढे ते रात्री उभे राहत, त्यामुळे त्यांचे बोलणे लोकांना लागत असे. विनोबांनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात पवनारहून जवळच्या सुरगावला रोज पायी जाऊन दीर्घकाळ मैलासफाई केली. एका दिवसाचा कार्यक्रम म्हणून त्यांनी ते केले असते, तर सुरगावच्या लोकांनी त्यांचे दर्शन घेतले असते आणि पुन्हा आपापल्या कामाला लागले असते. आमची आपल्याला विनंती आहे की त्या दिवशी व्यासपीठ नसावे. आपण सर्वांनी यावे, पहिला तास कुदळ हातात घ्यावी आणि ज्यांना दोन शब्द बोलायचे आहेत त्यांनी काम आटोपल्यावर पाळीवरच बसून बोलावे. हे आम्ही मनापासून लिहीत आहोत; आपल्यापैकी काही जण निवडून येण्याआधी आमच्यासोबत याच चिखलात उतरलेले आहेत.

नगरपंचायतीने प्रत्यक्ष काय करावे, हे आता लिहितो. दर महिन्याच्या एका ठरलेल्या संध्याकाळी, बाजाराचा दिवस सोडून, सर्व प्रभागांसाठी खुली बैठक बोलवावी. तिला कायद्याने ग्रामसभेचा दर्जा नसला तरी ती घेण्यास कोणाची आडकाठी नाही. जागा वाचनालय देईल. बैठकीत मागच्या महिन्यातले काम, खर्च आणि राहिलेल्या गोष्टी वाचून दाखवाव्यात आणि पुढचे काम तिथेच ठरावे. कुदळी, फावडी, घमेली, सब्बल, हातमोजे आणि गमबूट यांचा एक संच नगरपंचायतीने घ्यावा आणि तो कार्यालयाच्या कुलपात न ठेवता वाचनालयात नोंदवहीसह ठेवावा, म्हणजे कोणत्याही मोहल्ल्याला किंवा मंडळाला तो सही करून नेता येईल. श्रमदान कुठे आहे हे आधी कळवले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ट्रॅक्टर तिथे जाईल, एवढा एक लेखी आदेश काढावा आणि त्यावर कोणाशी संपर्क साधायचा त्या कर्मचाऱ्याचे पदनाम असावे. घंटागाडीच्या भोंग्यावरून आदल्या दोन दिवशी सूचना फिरवावी, कारण आपल्या गावातले सगळेच लोक मोबाइलवरचे संदेश वाचत नाहीत आणि ज्यांना वाचता येत नाही ते बोलावण्याशिवाय येत नाहीत.

तलावाखेरीज दोन कामे लगेच हाती घेता येतील. आपल्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी काहींना वारंवार रक्त लागते. उन्हाळ्यात रक्तपेढ्यांमध्ये टंचाई असते. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. एकाच दिवशी शंभर जणांचे शिबिर घेण्यापेक्षा, प्रत्येक प्रभागाला वर्षातला एक महिना नेमून दिला तर रुग्णांच्या नातेवाइकांची जिल्ह्याच्या ठिकाणची धावपळ वाचेल. दुसरे काम महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांशी संबंधित आहे. त्यांचे सात दिवसांचे निवासी शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खेड्यात होते आणि ते योग्यच आहे, पण वर्षभराच्या नियमित उपक्रमांसाठी त्यांना गावातच काम हवे असते. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांची नोंद आणि बांधणी ही मुले करू शकतात. प्राचार्यांना नगरपंचायतीकडून एक पत्र जावे.

आमच्या गटाकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही आपण विचाराल. महिन्याच्या बैठकीचे इतिवृत्त आम्ही लिहू. हत्यारांची नोंदवही आम्ही सांभाळू आणि मोडलेले दांडे वर्गणीतून बसवू. उपटलेले बेशरम ज्या कोरड्या जागी टाकायचे ती जागा बाजार समितीच्या मागची पडीक जमीन असू शकते. तिच्या परवानगीसाठी आम्ही अर्ज दिला आहे. पाळीच्या कोणत्या टप्प्यात फूट पुन्हा आली, हे दर पावसाळ्यानंतर पाहून त्याचा साधा नकाशा आम्ही बैठकीत ठेवू, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत कुठून सुरुवात करायची याचा अंदाज बांधण्यात वेळ जाणार नाही.

हे पत्र आपल्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे. ज्या गोष्टी शक्य नाहीत त्या का शक्य नाहीत, हे लेखी कळवावे. उत्तर आले की ते आम्ही वाचनालयाच्या बाहेरच्या फलकावर जसेच्या तसे लावू, आणि मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात व मंडई मंडळाकडे त्याची एकेक प्रत पोहोचवू.

कळावे,

आपली विश्वासू,
सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल,
श्रमदान गटाच्या वतीने